मुका मार

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल मुलुंडला पोचलो, आज नोकरीला लागलो, आणि नोकरी काय, तर दिवसभर मारामारी करायची! आईशप्पत. कुडाळात कुणाला सांगितलं तर म्हणतील, लवू फेकतोय.

आधी घरचं. जानकीताईच्या दारात बॅगा टाकल्या तेव्हा ती पलंगावरूनच ओरडली, की आधी पाय धू, मग लाडात ये. पंखा पुसताना स्टुलावरून पडली बाई, डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. राजेशभावोजी बोटीवर, फेब्रुवारीशिवाय येत नाहीत. म्हणून गावाहून माझी रवानगी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. तेव्हापासून मला जेवू घालणं, बदडणं, शिकवणं हे सगळं खातं ताईकडेच. आता तिला धरून न्हाणीघरापर्यंत न्यायला मी आहे, याचं मला भारी वाटतंय. तिला काही वाटत नाही. काल पलंगावरून हुकूम सोडत तिने माझ्याकडून सुकटीचं कालवण करून घेतलं आणि पहिल्या घासाला म्हणाली, मेल्या, मीठ काय घमेल्यान घातलंस?

ऑफिस म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला वरच्या मजल्याचा गाळा. खाली रबराचे वॉशर बनवतात, त्यामुळे शर्टालाही टायरचा वास. आम्ही तिघंच. मालक अनिरुद्धदादा, राहायला घाटकोपरला, पोट सुटलेला, पण गेम खेळायला बसला की दहावीतला पोरगा. मी सर म्हटलं तर म्हणाला, सर शाळेत, इथे दादा. दुसरी संघमित्रा, ती कोड लिहिते. आजोबा अकोल्याहून आले, ही पक्की मुलुंडची, बोलणं एकदम सटासट. माझा पहिला मजकूर वाचून म्हणाली, हा गेमबद्दल आहे की 'माझा आवडता प्राणी'? रोज घरी काहीतरी खरडत जा, हात मोकळा होईल. म्हणून ही वही.

काम असं. जुन्या धर्तीचे, ठिपक्याठिपक्यांच्या माणसांचे मारामारीचे गेम, फुकट, थेट ब्राउझरमध्ये उघडणारे, आमच्या साइटवर जमवलेत. मी ते खेळायचे, कुठला पाच मिनिटं घालवण्यालायक आहे ते दोन ओळींत लिहायचं, आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं काढून तिथे मराठी घालायची. बस. याचा पगार देतात लोक!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बोटं दुखतायत, पण मजा येतेय. आज सुमो पैलवानांचा खेळलो. ढकलण्यापलीकडे काही नाही, पण ढकलताना त्यांची गालफडं हलतात ती बघायला तरी खेळावा. कोंबड्यांच्या झुंजीचा एक आहे, त्यात पंख फडफडवायचं बटण धरून ठेवलं की समोरची कोंबडी गोंधळते, आणि हे कळलं की खेळ संपला. रोबोंचा अगदीच बकवास. बटण आज दाबलं तर ठोसा उद्या बसतो. असंच लिहिलं, दादा खो खो हसला.

मराठीकरणही जमतंय. सुरुवातीला 'भिडा!', समोरचा पडला की 'आडवा!', एकही ठोसा न खाता जिंकलं तर 'एक नंबर!'. अडलं ते बाहेर पडायच्या बटणावर. मी 'बाहेर पडा' लिहिलं तर संघमित्रा म्हणाली, हे एसटीच्या संकटकाळच्या खिडकीवर लिही. 'जातो' लिहायचा तर प्रश्नच नाही. जातो म्हणजे कायमचा गेला. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेला माणूसही येतो म्हणूनच उंबरा ओलांडतो. मग तेच घातलं, 'येतो'. खेळून झालं की दाबायचं, येतो! दादाला इतकं आवडलं की म्हणाला, झकास, सगळ्या गेमना हेच लाव.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज एक वेगळाच गेम सापडला. दादाने मागे कधीतरी एक बंद पडलेली साइट विकत घेतली होती, तिच्याबरोबर आलेल्या गाठोड्यात हा होता. त्याला नाव नाही, बनवणाऱ्याचाही पत्ता नाही.

इमारतीतला पॅसेज. ट्यूबलाइट लुकलुकतेय. समोर एक माणूस उभा, अंगात बनियन, खाली निळी हाफ पँट, हात खाली सोडलेले. आपल्या बाजूला फक्त दोन मुठी. मारलं की तो हलतो, जास्त मारलं की पडतो, मग हळूहळू उठतो आणि परत तिथेच उभा. हात उचलत नाही, ओरडत नाही. चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन ठिपके, तोंड काढलेलंच नाही. पडला की त्याच्या डोक्याशी बाहेर पडायची अक्षरं येतात. तिथे मी आपलं 'येतो' टाकलं.

नाव ठेवलं 'मुका मार'. रक्त नाही, वळ नाही, आवाज नाही, तर दुसरं काय ठेवणार? खाली लिहिलं: "चहा उकळेपर्यंत एक डाव होतो. बटणं दोनच. समोरचा उलटून मारत नाही, त्यामुळे हरायची चिंता नाही. साहेबाचा राग घरच्यांवर काढण्यापेक्षा इथे काढा."

दादा दुपारभर खेळत बसला. घरी ताईच्या फोनवर उघडून दिला, तर ती तिसऱ्या मिनिटाला माझ्यापेक्षा तरबेज. त्या माणसाला तिने सोसायटीचा सेक्रेटरी करून टाकलंय. पाण्याच्या वेळेवरून एक ठोसा, लिफ्टवरून दुसरा. पडून पडून आंबलेला जीव, हसली तर बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

'मुका मार' सुटलाय नुसता! बाकीचे सगळे गेम मिळून जितके लोक खेळत नाहीत तितके हा एकटा खेळवतोय. साइटवर सगळ्यांत जास्त ठोसे मारणाऱ्याचं नाव झळकतं, आणि ते नाव आहे जानकी! ताईला सांगितलं तर म्हणाली, माका काय धंदो आसा दुसरो.

संघमित्राला मात्र हा गेम आवडलेला नाही. तपासायला म्हणून दोन-चार ठोसे मारले आणि बंद केला. हात न उचलणाऱ्याला मारून कसला आनंद मिळतो रे तुम्हाला, असं म्हणाली. मी म्हटलं, अगं ठिपके आहेत ते. तर तिने मला बोलावून कोड दाखवला. मी जिथे 'येतो' टाकलं ते बाहेर पडायचं बटण नव्हतंच. गेममध्ये बटण नाहीच, खिडकी बंद केली की संपलं. ती जागा त्या माणसाच्या बोलण्याची होती. बनवणाऱ्याने तिथे जागा भरायला म्हणून नुसतं 'एक्झिट' लिहून ठेवलेलं. म्हणजे मी त्याच्या तोंडात शब्द घातला. त्याला येणारा एकुलता एक शब्द.

आम्ही हसलो. मार खाऊन पडलेला गडी म्हणतोय, येतो. कमाल सभ्य माणूस.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सकाळी गेम उघडला, चार ठोशांत त्याला पाडला, तर डोक्याशी अक्षरं आली 'निघालो'.

मला वाटलं संघमित्राची मस्करी. तिने फाइल उघडून दाखवली, आत 'येतो'च आहे. तिने शपथ घेतली आणि ती उगाच शपथ घेणाऱ्यातली नाही. मग मागचं चित्र बघितलं. पॅसेज नाही. रस्ता आहे, बाजूला ट्रक उभे, लांब पूल. माणूस तसाच, हात खाली. ती म्हणाली असं चित्र या गेममध्ये नाहीच, सगळ्या फाइली तिने बघितल्यात. दादा म्हणाला, अरे भारी आहे, लोकांना गंमत वाटेल, राहू दे. आणि पूल आमच्या घाटकोपरचा वाटतोय म्हणून आणखी तासभर खेळला.

मला का कोण जाणे आज खेळावंसं वाटलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अनिरुद्धदादा हॉस्पिटलमध्ये आहे. सकाळी मीरावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला, आम्ही दोघं धावलो.

काल रविवारी दुपारी वहिनी भाजीला गेल्या होत्या. परत आल्या तर दार सताड उघडं आणि दादा पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा. हात खाली लोंबतायत. वहिनींनी हाक मारली तर नुसता बघत राहिला. अंगावर ओरखडा नाही. एक्स-रे काढले, सगळी हाडं जागेवर. पण हात लावला की कण्हतो. डॉक्टर म्हणतात मुका मार लागलाय, कुठेतरी पडले असतील. दादा काहीच बोलत नाही. वहिनी पेज भरवत होत्या, तोंडावरून ओघळ आला, तो पुसायलाही त्याचा हात उठला नाही. मी बघितलं आणि बाहेर जाऊन जिन्यात बसलो. गेल्या आठवड्यात ह्याच माणसाने माझ्या डब्यातलं कालवण ओरपलं होतं.

शेजारचे राजारामकाका भेटले. त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. दारात कुणीतरी म्हणालं, येतो. दादा बाथरूममधून ओरडला, ये ये, उघडंच आहे. काकांना वाटलं कुणी मित्र असेल.

संघमित्राने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे नाही बघू शकलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गेम साइटवरून काढला. संघमित्राने मुळापासून उडवला, माझ्यासमोर.

सुटकेचा निःश्वास टाकून घरी आलो तर ताई खेळत होती! तिच्या फोनवर अजून चालतो. मागे आमच्या बिल्डिंगचं आवार. पाण्याची टाकी, सेक्रेटरीची झाकलेली स्कूटर, सगळं ठिपक्यांत. तो मध्ये उभा. आणि अक्षरं 'आलोच'.

मी फोन हिसकावला. ताई चिडली, पाय मोडलाय हात नाय मोडूक, म्हणाली. मी सांगितलं गेममध्ये व्हायरस आहे, बँकेतले पैसे जातात. खरं सांगायला हवं होतं का? संघमित्रा म्हणते सांग. पण ही बाई पलंगावरून उठू शकत नाही, पळू शकत नाही, तिला काय सांगू, की ज्याला तू आठवडाभर तुडवलंस तो खाली टाकीपाशी उभा आहे? घाबरूनच मरेल. फक्त एवढं बजावलं, की चोऱ्या होतायत, दारात कुणीही आलं तरी 'ये' म्हणायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही. ती म्हणाली बरा बाबा, नाय म्हणत.

सगळ्यांत जास्त तिने मारलंय. आणि तिच्या हातात तो गेम मी दिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तो संघमित्राकडे येऊन गेला.

मी ताईला डॉक्टरकडे नेलं होतं, ती गाळ्यात एकटी. ऐन दुपार, खाली मशिनं चालू. दारात कुणीतरी येतो म्हणालं. तिचं लक्ष कोडमध्ये, वाटलं खालचे कारखानेवाले असतील. तोंडातून निघून गेलं, या ना, बसा. मान वर केली तेव्हा बनियन दिसलं.

तिने जेवढे ठोसे मारले होते तेवढेच बसले. त्याच जागी, त्याच क्रमाने. तिचे हात वर उठेनात, असं झालं. पोरगी सांगताना रडत नव्हती, नुसते दात वाजत होते. दोन-चारच होते म्हणून उभी आहे, असं म्हणाली. मग तो थांबला, दाराकडे वळला, आणि निघताना म्हणाला, येतो.

येतो!

आपण निघताना म्हणतो तसं. निघालो काय, आलोच काय, सगळं येण्याचंच; जाण्याचा शब्दच नाही त्याच्याकडे. मी दिलेलाच नाही. येतानाही येतो, निघतानाही येतो. मग तो सुटणार कधी? तिच्याकडेही परत येणार, दादाकडेही. ताईकडे तर अजून यायचाच आहे.

गावी पळावं म्हटलं. डॉक्टरने आज ठणकावून सांगितलं, इतक्या लांबचा प्रवास नाही, पाय कायमचा जाईल. आणि घाटकोपर शोधणाऱ्याला कुडाळ किती लांब?

संध्याकाळी संघमित्राचा फोन आला. ती म्हणाली, शब्द तू घातलास, तूच बदल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बदलला.

दादाच्या त्या जुन्या गाठोड्यातून तिने गेम परत चढवला, मी त्या जागी 'जातो' टाइप केलं. कुणाच्या तोंडी हा शब्द घालायला माझी जीभ, माझी बोटं तयार नाहीत, लहानपणापासूनची सवय. पण ह्याला कायमचंच जायला हवंय. जा बाबा. चुकलो आम्ही. जा.

घरी येऊन ताईच्या फोनवर उघडला. मागे आमचा जिना. माणूस उभा. मी ठोसा मारला नाही, नुसता बघत राहिलो. मुळात नसलेल्या तोंडाच्या जागी एक आडवी फट उघडली, आणि डोक्याशी अक्षरं आली 'जातो'. तो वळला. पहिल्यांदा त्याची पाठ दिसली. मी खिडकीपाशी जाऊन ढसाढसा रडलो. ताई विचारतेय, काय झाला रे, नोकरी गेली काय?

आत्ताच मीरावहिनींचा फोन आला. दादाने स्वतःच्या हाताने कप उचलला. दोन घोट प्यायला.

संघमित्राला सांगितलं. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. पण ताईला आता तरी सगळं सांग, म्हणाली. सांगतो. पाय सुटू दे, मग हसत हसत सांगेन.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी घेतलीय. ताईसाठी मऊ भात आणि भाजलेला बांगडा केला. मीठ बरोबर पडलं म्हणे. ती पेंगतेय. मी दाराजवळ बसून लिहितोय, आतलं दार वाऱ्याला उघडं, जाळीचं दार लावलेलं.

जिन्यात पावलं वाजतायत.

आला.

जाळीपलीकडे उभा आहे. बनियन. ठिपके नाहीत आता, माणूसच. हात खाली. गाल सुजलेला, डोळा बंद, बनियनवर आमच्या सगळ्यांच्या मुठींचे ठसे. मला वास येतोय त्याचा, जुन्या पॅसेजचा, ओल्या चुन्याचा. मी बोलत नाही. श्वासही—

तो म्हणाला, जातो.

वळला. पाठ दिसतेय. एक पायरी उतरला. जा, जा, जा रे बाबा—

—

ताई. ताई, काय केलंस.

झोपेतच होती अर्धी. दारात कुणी जातो म्हणालं ते कानावर पडलं आणि पलंगावरूनच, नेहमीच्या आवाजात— "जातो म्हणा नये रे झिला, येतंय म्हणाचा!"

पावलं थांबली.

जिन्यातून आवाज आला. शिकवलेलं म्हणून दाखवावं तसा. येतो.

मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, मी 'ये' खंय म्हटलंय? तूच सांगितलंस ना, 'ये' म्हणा नको. मी नाय म्हटलंय.

नाही म्हटलंस ताई. तुझं काही चुकलं नाही. मीच सांगायला—

जाळी उघडली. कडी लावलेली होती.

—

एक डाव झाला. मी खाली पडलोय. तो थांबलाय. पडला की उठेपर्यंत आपणही थांबायचो ना, तसाच. तेवढ्यात लिहितोय. कुणाला कळायला हवं.

त्याच्यापुढे आडवा झालो, पलंग पाठीमागे घेऊन. म्हटलं, तिचं सगळं मला दे. तिला काही माहीत नव्हतं. हातात मी दिला होता. तो बोलला नाही. मारायला लागला. म्हणजे मान्य असेल. मान्यच असेल.

हात उचलायला गेलो. उठत नाहीत. खांद्याखाली माझे नाहीतच जणू. बोटं तेवढी हलतात, वही जमिनीवर आहे म्हणून—

ताई किंचाळतेय. शेजारी कुणी नाही, सगळे कामावर. ती पलंगावरून उतरायला बघतेय. उतरू नको गं, पाय—

उठतो. डाव बाकी असेल.

—

रक्त नाही. वळ नाही. आत सगळं—

—

थांबला. पडलो नाही तरी थांबला. संपलं वाटतं. ताई, संपलं. तुझं सगळं घेतलं मी. म्हणजे आता तो—

जात नाहीये.

डावा, डावा, उजवा. मघापासून तोच क्रम. डावा, डावा, उजवा. हे तर मी— ऑफिसात मी असा मारायचो. ताई तसं नाही मारत, ताई एकाच बटणावर अंगठा ठेवून नुसता उजवा, उजवा, उजवा, दुपारच्या दुपार—

म्हणजे हे माझंच होतं. माझंच. ताईचं अजून सुरूच झालेलं ना—

मला ओलांडून चाललाय. ताई, तोंडापुढे हात धर. आत्ताच धर, अजून उठतील, मग नाही उठणार, धर गं, माझे नाही उठ—